कोपरे मोडलेली कॅसेट

"कॅसेट घरात आणू नका," एवढं बोलून उमाजी अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेवर बसला, आणि मग त्याला उठताच येईना.

धाकट्या लेकानं, सटवाजीनं, ती कॅसेट मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरली, बाहेरच्या गडग्यावर ठेवली आणि वर खापर पालथं घातलं. फाटकं पत्र आलं की असंच करतात. मरणाची खबर धाडायची तर पत्राचा कोपरा फाडायचा, म्हणजे हातात घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. असलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, दारातच वाचून फाडून टाकायचं. ह्या घरात लिहिणं-वाचणं फक्त सटवाजीला येत होतं, तेही अडखळत. फाटका कोपरा मात्र सगळ्यांना वाचता यायचा.

आणि ह्या कॅसेटच्या पाठीकडच्या कडेला दोन्ही टोकांचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले होते. पडून मोडले म्हणावं तर दोन्हीकडं सारखेच. कुणीतरी मुद्दाम सुरीच्या टोकानं उचकटलेले.

"दिली कुणी?" भिवराबाईनं नवऱ्याला विचारलं.

"लोकरवाल्यानं. बंदाच्या भ्यानं घाईत व्हता, गाडीतनंच हातात देऊन पुढं गेला."

"येडबानं काय सांगितलं म्हनला?"

"येडबा त्याला भेटलाच न्हाई. पुसदेकडच्या एका हॉटेलवाल्यानं दिली म्हनला, बोरीला पोचवा म्हून." उमाजी जमिनीकडं बघत बोलला. "एक कोपरा म्हंजी एक मानूस. हितं दोन मोडलेत."

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन त्या बाजूला गेलेले दोघेच होते. थोरला लेक येडबा आणि भिवराबाईचा भाऊ जिवाजी. म्हणजे एका फटक्यात तिचा लेकही गेला आणि भाऊही. भिवराबाईनं दोन्ही हात डोक्यावर आपटले आणि असा टाहो फोडला की शेजारची मालनबाई हातातलं सूप टाकून पळत आली.

येडबाची बायको कासाबाई दारात उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ, कडेवर लेक. ती रडली नाही. बायकांच्या ते लगेच ध्यानात आलं. बाई रडली की तिचं दुःख किती आहे हे गाव मोजतं आणि नाही रडली की तिचं पाप किती आहे ते मोजतं.

ही कॅसेटची रीत ह्या घरात दोन वर्षांपूर्वी आली. त्याआधी मेंढक्याचा ठावठिकाणा सांगणार कोण? मेंढरं आज ह्या रानात, उद्या त्या. पत्ता नाही तिथं पोस्टमन काय करणार? बाजारात कुणी भेटला तर निरोप, नाहीतर पावसाळ्यापर्यंत वाट. मग सटवाजीनं दोन टेप घेतले, एक मेंढरांबरोबर द्यायला आणि एक बोरी-वालूरात फिरवायला, आणि कॅसेट फिरायला लागली: बोरीच्या ह्या घरातून वालूरला दिलेल्या लेकीकडं, सरजाबाईकडं, तिथून मेंढरांच्या वाड्यावर आणि वाड्यावरून परत बोरीला. ज्याच्या हाती येईल त्यानं सगळ्यांचं ऐकायचं आणि आपलं पुढं भरायचं. एकाला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकायचं. असलं यंत्र ह्यांनी कधी बघितलं नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं त्यात आपल्याला ठाऊक असलेलंच ओतलं. उमाजी पत्र सांगितल्यासारखा बोलायचा. सुरुवातीला साष्टांग नमस्कार आणि शेवटी "कळावे". सरजाबाई रेडिओवरच्या बाईसारखी सगळ्या लेकरांची नावं ओळीनं घ्यायची. भिवराबाई ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी ओरडायची, टेप पुढ्यात असला तरी. जिवाजी बोलायचाच नाही, नुसतं बिरोबाचं गाणं म्हणायचा.

आणि कासाबाई? सासरा ऐकणार त्यात सुनेनं नवऱ्याशी काय बोलायचं? नाव घेता येत नाही, हाक मारता येत नाही. पहिल्याच खेपेला सटवाजीनं टेप तिच्यापुढं धरला तेव्हा ती लाजून मागं सरली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं हात पुढं करून बांगड्या वाजवल्या. तेवढंच. तेव्हापासून दर खेपेला सगळ्यांचं बोलणं संपलं की तिच्या बांगड्या वाजत.

"वाजवून तरी बघू का?" सटवाजी बापाला हळूच म्हणाला. "काय म्हनलंय ते कळंल."

"कशावर वाजवतूस? टेप हाय का घरात?"

टेप घरात नव्हता. सरजाबाई चार दिवस माहेरपणाला आली होती आणि तो वालूरला सासरीच ठेवून आली होती.

"सायकलवर जाऊन आनतो."

"गप बस. रस्त्यावर दगडं टाकून बसलेत पोरं. एक गेला, आता तुला बी घालवू?" उमाजीनं डोळे पुसले. "आन् फाटकं पत्र कुनी दोनदा वाचतं का? कळायचं ते कळलं."

अंगण भरलं. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या. मालनबाईनं आपल्या घरी कडू घास रांधायला घेतला, कारण मरणाच्या घरात चूल पेटत नाही. कासाबाई आत आली, पिठाचे हात धुतले आणि पोरीला पाजायला भिंतीशी बसली. भिंतीला कान असतात म्हणतात. ते पुरतं खरं नाही. कुडाच्या भिंतीला फक्त कानच असतात.

पलीकडं सरजाबाई बापाशी बोलत होती.

"बा, रडनं जलमभर हायेच. पर मेंढरांचं काय? वयनीचा बाप सोकावलेला मानूस. उद्या येऊन लेकीला घेऊन जाईल, संगं मेंढरं बी नेईल."

"तसं कसं नेईल?"

"कसं म्हंजी? पोरीच्या नावानं मागंल. त्यापरीस घरातल्या घरात करा. सटवाजीसंगं पाट लावून टाका. आपल्यात हायेच की ते."

"अक्का," सटवाजीचा आवाज चिरकला, "वयनीनं मला न्हाऊ घातलंय. काय बोलायलीस तू?"

"मंग काय झालं? लहान व्हतास तवा घातलं."

"दादाची राख तरी बगू दे की आधी."

"तू गप रे. तुला कळत न्हाई."

उमाजी नाही म्हणाला नाही, हीच गोष्ट कासाबाईला लागली. माणूस मेला का जिता हे कळायच्या आधी त्याची बायको कुणाच्या नावावर करायची हे ठरवायचं, ह्याला आपल्याकडं व्यवहार म्हणतात. आणि जी बाई हे ठरवते ती स्वतः कुणाच्यातरी घरी असंच ठरून गेलेली असते, हे तिच्या ध्यानातही राहत नाही.

थोड्या वेळानं सरजाबाई आत आली. मागं गल्लीतली म्हातारी विधवा लक्ष्मीबाई, हातात गोटा घेऊन. म्हातारीचं ते कामच होतं. गावात कुणाचाही नवरा मेला की बांगड्या फोडायला तिलाच बोलवायचे.

"चल ग बाई भाईर," सरजाबाई म्हणाली. आवाज मऊ केला होता. "रीत हाय ती करावी लागती."

"कशाची रीत, वन्स?"

"कशाची म्हंजी? हात दे."

कासाबाईनं हात मागं घेतला. "आदी ऐकते. मंग देते."

"काय ऐकतीस?"

"कॅसेटमंदी काय हाय ते. ते सोता बोलले असतील तर मेले न्हाईत. दुसरं कुनी बोललं असंल तर त्याच्या तोंडून ऐकते. दोन मोडक्या तुकड्यांवर मी हात पुढं करत न्हाई."

"आयकलंस का माय?" सरजाबाई बाहेर बघून म्हणाली. "लेक गेला तुजा, आन् हिला कॅसेट ऐकायचीया. डोळ्याला टिपूस न्हाई हिच्या."

भिवराबाईचं रडणं थांबलं. ती उठली, दारापर्यंत आली. आयुष्यभर तिनं ह्या सुनेला हिडीस-फिडीस केलं होतं. पाणी आणायला उशीर झाला म्हणून, भाकरी जाड झाली म्हणून, पहिली पोरगी झाली म्हणून. आता सगळ्या बायका बघायला लागल्या, म्हातारी काय म्हणते.

"लक्ष्मीबाय, गोटा खाली ठिव," भिवराबाई म्हणाली.

"माय?"

"खाली ठिव म्हनलं. माजा बी भाऊ हाय त्याच्यात, लेक हाय. मला बी ऐकायचंय." मग सुनेकडं वळली. "जा. कुनाकडं टेप मिळतो बग."

"आन् बंद हाय की भाईर," उमाजी म्हणाला. "सुतकातली बाई बाजारातनं जाईल, लोकं काय म्हनतील?"

"लोकं उद्या बी म्हनतील. परवा बी म्हनतील. लोकांना दुसरं काम काय हाय?"

कासाबाईनं पोरीला कडेवर घेतलं, गडग्यावरचं खापर उचललं आणि कॅसेट उघड्या हातात घेतली. अंगणातल्या बायका बाजूला सरकल्या. सटवाजी क्षणभर उभा राहिला, बहिणीकडं बघितलं आणि चपलासुद्धा न घालता वहिनीच्या मागं निघाला.

बाजारपेठेत कुत्रंही नव्हतं. नामांतराच्या विरोधातला बंद. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, टायर जळून काळा झालेला रस्ता. राजवाड्याकडच्या, दलितवस्तीच्या गल्लीत सगळी दारं आतून बंद होती आणि ती बंदाला पाठिंबा म्हणून बंद नव्हती. चौकात पारावर पोरं बसली होती. त्यातला एक उठला.

"कुठं चाललाव, बाई? आज बंद हाय."

"मरनाला बंद हाय का?" कासाबाई म्हणाली आणि थांबलीच नाही.

भोंगेवाल्या तात्यारावचं दुकान चौकाच्या टोकाला. लग्नाचा मांडव असो, सप्ता असो, इलेक्शन असो, भोंगा तात्यारावचा. गेल्या आठवड्यात ह्याच भोंग्यावरून जीपमध्ये उभं राहून माणसं ओरडली होती, विद्यापीठाचं नाव बदलू देणार नाही म्हणून, आणि त्याच्या पुढं जे बोलले ते आईबहिणीनं ऐकू नये असं. तात्याराव ऐकत बसला होता आणि भाडं घेत होता. भोंग्याला जात नसते असं तो म्हणायचा. भोंग्याला नसेल.

दार ठोकल्यावर त्यानं एक फळी काढली. "सटवाजी? वहिनीला घेऊन आलास? काय झालं?"

सटवाजीनं अडखळत सांगितलं. तात्यारावनं कॅसेट घेतली, उलटी करून बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून कॅसेटी काढून फळीवर मांडायला लागला. आरत्यांची, भजनाची, सनईची. सगळ्यांचे कोपरे मोडलेले.

"हे बग. समद्यांचे मीच मोडलेत. मोडलं की हिच्यावर दुसरं काय भरता येत न्हाई. चुकून पुसू नये म्हून मोडत्यात."

सटवाजी कॅसेटींकडं बघतच राहिला. "म्हंजी कुनी मेलं म्हून न्हाई?"

"सनईवाल्याला मारतूस का आता?" तात्याराव हसला.

"हसू नका," कासाबाई म्हणाली. तात्यारावचं हसू तिथंच राहिलं. "तुमचे कोपरे तुमी मोडले. ह्याचे कुनी मोडले ते मला ठावं न्हाई. हॉटेलवाल्यानं कामून दिली, त्यांनी सोता कामून न्हाई दिली, ते बी ठावं न्हाई. लावा."

तात्याराव मान खाजवायला लागला. "लावतो की. पर वहिनी, लहान डबा जळालाय माजा. आवाज वरच्या भोंग्यातनंच येईल. समद्या बोरीला ऐकू जाईल."

"आमचं रडनं समद्या बोरीनं ऐकलंय. हे बी ऐकू द्या."

त्यानं कॅसेट घातली, खटका दाबला. वर खांबावर भोंगा खरखरला आणि चौकातली पोरं दचकून उठली. आधी कुठल्याशा सिनेमातलं गाणं वाजलं, अर्धं. सटवाजीनं मान खाली घातली. मग खटका, वाऱ्याचा आवाज, मेंढरांची बें बें आणि कुणीतरी खाकरलं.

कासाबाईनं दाराची चौकट धरली. खाकरणं तिनं ओळखलं होतं.

"साष्टांग नमस्कार," येडबा सगळ्या गावाच्या डोक्यावरून बोलायला लागला. "पत्रास कारन की... पत्र न्हाई, कॅसेट. इकडं आमी दोघं खुशाल हाव. दोन मेंढ्या इयाल्यात. एक कोकरू मेलं, एक जगलंय. चारा बरा हाय. जिवामामाची दाढ सुजली म्हून ते गाऊ शकायले न्हाईत. म्या उद्या रान बदलायलोय, म्हून ही कॅसेट हॉटेलवाल्यापाशी ठिवायलोय, कुनी बोरीकडचा आला तर दे म्हनलंय."

कडेवरची पोर मान वर करून खांबाकडं बघायला लागली. "बा वर बसलाय?" तिनं आईला विचारलं.

"हां. वर बसलाय," कासाबाई म्हणाली.

"सटव्या," भोंगा गरजला, "आता तुज्यासाठी. मागल्या खेपेला तू बाचं बोलनं पुसून सिनेमाची गानी भरलीस. बाचं जाऊ दे, ते दर खेपेला तेच बोलत्यात. पर शेवटाला एक आवाज असतो. तू तो बी पुसलास. म्या रातभर कॅसेट उलटी-पालटी केली, तो आवाज न्हाईच. मला वाटलं घरात काय झालं की काय. म्हून हॉटेलवाल्याला इचारलंय, ह्या खेपेला बोलनं भरून झालं की म्या दोन्ही कोपरे मोडनार हाय. आता भर बगू गानी. जबाब दुसऱ्या कॅसेटवर धाडा आन् तिचे बी कोपरे मोडा. आन् शेवटाला..." येडबा थांबला. मागून जिवाजी काहीतरी पुटपुटला आणि हसला. "शेवटाला बांगड्या जरा जास्त येळ वाजवाव्या. कळावे."

चौकात कुणीतरी शिटी मारली. पारावरची पोरं मांड्या थोपटून हसायला लागली. कासाबाईनं पदर तोंडावर ओढला. तिच्या पाठीमागं सटवाजी भिंतीला टेकून उभा होता, ओठ चावत, डोळे भरून. वर भोंग्यात जिवाजीनं सुजलेल्या दाढेनंच गाणं धरलं होतं, बेसूर, आणि मेंढरं त्याला साथ देत होती. राजवाड्याकडच्या गल्लीत एक दार उघडलं. मग आणखी एक. गेल्या आठवड्यापासून हा भोंगा वाजला की तिथं कड्या लागत होत्या. आज एक म्हातारा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आणि मेंढी व्याल्याचं ऐकत राहिला.

"बंद करू का?" तात्यारावनं विचारलं.

"राहू द्या. दाढ दुकत असताना म्हनायलेत," कासाबाई म्हणाली. "समदं होऊ द्या."

घरी पोचली तेव्हा अंगणात कुणी रडत नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं. आवाज तिथवर आला होता. उमाजी डोणीवरून उठून उभा होता, हात कुठं ठेवावे हे त्याला कळत नव्हतं. लक्ष्मीबाई गोटा पदराखाली घेऊन कधीच निघून गेली होती. आपल्या हातून एक घर वाचलं ह्याचा बहुतेक तिलाच सगळ्यांत जास्त आनंद झाला असेल.

सरजाबाई पुढं आली. "वयनी, म्या आपली काळजीपोटी..."

"वन्स, मेंढरांची काळजी मिटली न्हवं?" कासाबाई म्हणाली. "मंग झालं."

सरजाबाईचं तोंड उतरलं. उमाजी घसा साफ करून म्हणाला, "पोरी, झालं गेलं..."

"मामंजी, म्या कुडाच्या आतच बसले व्हते." एवढंच बोलून ती पुढं गेली. उमाजी परत डोणीवर बसला. ह्या घरात सुनेनं सासऱ्याला तोंडावर असं बोलल्याची ही पहिली वेळ होती, आणि सासरा गप्प बसल्याचीही.

मालनबाई पाटी घेऊन आली. पिठलं, भाकरी, वर झाकलेलं. ती दारात घुटमळली. "कडू घास हाय, बाई. रांधून बसले. आता काय करू? परत नेऊ का?"

सगळे भिवराबाईकडं बघायला लागले. जित्या माणसाच्या मरणाचं जेवण खायचं की नाही, ह्याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती.

"आन हिकडं," भिवराबाई म्हणाली. "सकाळपासनं कुनाच्या पोटात काय न्हाई. घाल समद्यांना. सटव्या, तू शेवटाला बस."

"म्या कामून शेवटाला?"

"गानी भरतूस म्हून."

अंगणात हसू फुटलं, थकलेलं, मोकळं. पाटीवर हात पडले. सरजाबाईनं गुपचूप सगळ्यांना वाढायला घेतलं आणि भावाच्या पानात दोन भाकरी जास्त टाकल्या.

भिवराबाईला सून जेवणाऱ्यांत दिसली नाही. ती मागल्या दारी गेली. कासाबाई रांजणापाशी उकिडवी बसली होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून, आणि तिचं सगळं अंग हुंदक्यांनी गदागदा हलत होतं. पोर शेजारी बसून कोकराच्या कानाशी खेळत होती.

"काय ग?" भिवराबाई म्हणाली. "आता कामून रडायलीस? आता तर समदं नीट झालं."

कासाबाईनं तोंडातला पदर काढला. "मगा रडले असते, आत्याबाई, तर खरं झालं असतं."

भिवराबाईनं लुगडं सावरलं. "सरक," म्हणाली, आणि सुनेच्या शेजारी खाली बसली. तिचा हात सुनेच्या पाठीवर पडला, जरा जोरातच, कारण मायेनं हात कसा ठेवायचा ह्याची तिला सवय नव्हती. आणि मग म्हातारीचंही धरण फुटलं. दोघी अशा मोठ्यानं रडायला लागल्या की सकाळचं रडणं त्याच्यापुढं काहीच नव्हतं.

जेवता जेवता मालनबाई खरकट्या हातानं धावत आली. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी.

"अगं माय, आता काय झालं?"

"काय न्हाई झालं," भिवराबाई नाक पुसत म्हणाली. "जित्याला रडायलोत. जा तुमी, जेवा."